चौदा दिवसांचा हिशेब : अमेरिकेतील औषधांच्या भावाची हकिकत



उसाचा भाव दिल्लीत ठरतो आणि बिलाची वाट गावात पाहिली जाते, हे आपल्याला कोणी सांगायला नको. अमेरिकेत अलीकडे औषधांच्या बाबतीत नेमके असेच काहीसे चालले आहे. साता समुद्रापलीकडच्या गोष्टीशी आपला काय संबंध, असे तुम्ही म्हणाल. पण भाव, मधला माणूस आणि उशिरा मिळणारा पैसा यांचा हिशेब ऊस उत्पादकाला चटकन कळतो, म्हणून ही माहिती येथे देत आहोत.

अमेरिकेच्या सरकारने १९६५ साली ६५ वर्षांवरील नागरिकांसाठी ‘मेडिकेअर’ ही विमा योजना काढली. दुकानातून घ्यावयाच्या गोळ्या-औषधांची सोय मात्र २००३ च्या कायद्याने झाली व २००६ पासून सुरू झाली. हे काम खाजगी विमा कंपन्यांकडे सोपविले गेले. सरकारने औषध कंपन्यांशी भावाची घासाघीस करू नये, असेही त्याच कायद्यात लिहून ठेवले. म्हणजे बाजारातले सर्वांत मोठे गिऱ्हाईक, आणि त्याच्याच तोंडाला कुलूप!

विमा कंपन्यांच्या वतीने कोणती औषधे यादीत घ्यायची, औषध कंपन्यांकडून किती सूट काढायची, दुकानदाराला किती पैसे द्यायचे, हे सारे मधल्या कंपन्या पाहतात. तेथील व्यापार आयोगाच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे देशातील सुमारे ८० टक्के चिठ्ठ्यांचे व्यवहार अशा तीनच मोठ्या कंपन्यांच्या हातून होतात. एवढा काटा ज्यांच्या हाती, त्यांच्यापुढे एकट्या दुकानदाराचे काय चालणार?

२०२२ साली नवा कायदा झाला आणि ते कुलूप काही अंशी उघडले. मेडिकेअरच्या रुग्णाला इन्सुलिनसाठी महिन्याला ३५ डॉलरपेक्षा जास्त द्यावे लागू नयेत, ही तरतूद २०२३ पासून लागू झाली. पहिल्या १० औषधांचे भाव सरकारने कंपन्यांशी बोलणी करून ठरविले व ते १ जानेवारी २०२६ पासून अमलात आले. मधुमेहावरील ‘जानुव्हिया’ या गोळीचा महिन्याचा यादीतील भाव २०२३ साली ५२७ डॉलर होता. ठरलेला भाव ११३ डॉलर. सगळ्यांच्या वतीने एकाने भाव मागितला की काय होते, ते सहकारात वाढलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

खरी मेख पुढे आहे

रुग्णाला औषध नव्या भावात मिळते, पण दुकानदाराला ते सहसा जुन्याच चढ्या भावाने विकत घ्यावे लागते. मधला फरक औषध कंपनीने दुकानदाराला परत करायचा. त्यासाठी विक्रीची माहिती मिळाल्यापासून मुदत आहे १४ दिवसांची! तोवर भांडवल अडकते. मोठ्या साखळी दुकानांना ते पेलते. लहान गावातल्या एकट्या दुकानदाराची मात्र ओढाताण होते. असे दुकान बंद पडले, तर स्वस्त झालेल्या गोळीसाठी म्हाताऱ्या माणसाला कोसचे कोस जावे लागेल.

हे चौदा दिवस आपल्या ओळखीचे आहेत. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत, उशीर झाल्यास सालीना १५ टक्के व्याज द्यावे, असे बंधन कारखान्यांवर घातले आहे. आपला कारखानाही त्याला अपवाद नाही. भाव ठरविणे हे अर्धे काम. पैसा वेळेवर हातात पडणे हे उरलेले अर्धे.

आपल्या घरातले

‘जानुव्हिया’मधील मूळ औषधाचे नाव सिटाग्लिप्टिन. आपल्या देशात त्यावरील पेटंट २०२२ साली संपले आणि अनेक कंपन्या ते बनवू लागल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात जनऔषधी केंद्रांत ५० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या ६० रुपयांना मिळू लागल्या. तेव्हा ज्यांच्या घरी मधुमेहाचा वा रक्तदाबाचा रुग्ण आहे, त्यांनी डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव लिहून मागावे आणि जनऔषधी केंद्रात चौकशी करावी. औषध मात्र आपल्या मनाने बदलू नये किंवा बंद करू नये. आणि बिल घ्यायला विसरू नये. काट्यावर वजनाची पावती आपण पाहून घेतो ना, तशीच औषधाची पावतीही पाहून घ्यावी.