पेटीचा गंधार आणि गळ्यातला गंधार

मैत्रिणींनो, संसारात मुरलेली बाई कुकर लावून झाल्यावर संगीताचं पुस्तक उघडून बसली, की घरात पहिला प्रश्न काय येतो ते तुम्हांला सांगायला नकोच. "आता ह्या वयात परीक्षा? आणि तीसुद्धा गाण्याची?" आमच्या कुंडलच्या घरातही तो आलाच. सासूबाई म्हणाल्या, "गातेस की चांगली! मग पेपर कशाला लिहायचा?"

प्रश्न बरोबर होता. माझ्याजवळ त्याचं उत्तर होतं, पण ते सांगायची लाज वाटत होती. आज सांगते.

मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. बी. ए. ला संगीत नव्हतं. पण लहानपणी पेटी शिकले होते म्हणून प्रार्थनेचं काम आपसूक माझ्याकडे आलं. प्रार्थनेच्या गटात एक मुलगी होती. आजोबा भजनी मंडळातले, त्यामुळे वीणेच्या सुरावर गायची तिला लहानपणापासून सवय. आवाज गोड, पण एका ठिकाणी, गंधारावर, तिचा सूर माझ्या पेटीशी जुळेना. केसभर खाली राही. मी चारचौघींत तिला म्हटलं, "तू बेसूर होतेस. पेटी ऐक की जरा!" दोन दिवस तिनं ओठ नुसते हलवले आणि तिसऱ्या दिवसापासून गटात यायचीच बंद झाली. मलाही त्याचं फारसं काही वाटलं नाही.

पुढे गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या मध्यमा परीक्षेची तयारी सुरू केली. राग गाणं जमत होतं. घाम फोडला तो शास्त्राच्या पेपरानं. म्हणजे व्याख्या पाठ करायच्या, असं मला वाटायचं. तसं नाही हो! शास्त्र म्हणजे आपण जे रोज गातो त्याचा हिशेब. आणि हिशेबाला आपण बायका कुठे घाबरतो?

हा थाटांचा हिशेबच पाहा. सा आणि प अचल. रे, ग, ध, नि ह्यांची शुद्ध आणि कोमल अशी दोन दोन रूपं, आणि म शुद्ध किंवा तीव्र. एकूण बारा स्वर झाले. आता पाच स्वरांचं प्रत्येकी एकच रूप निवडायचं, तर एकाची पाच वेळा दुप्पट करा: बत्तीस जुळण्या होतात. त्यांतल्या दहा पंडित भातखंड्यांनी (1860–1936) थाट म्हणून घेतल्या: बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी. हे एकदा वहीत स्वतः मांडलं की पाठांतर उरतच नाही. मग ललितात दोन्ही मध्यम लागोपाठ आले, किंवा भैरवी रंगताना बाराच्या बारा स्वर डोकावून गेले, की त्यातली गंमत कळते. नियम माहीत असला, तरच तो कुठे वाकवला ते दिसतं.

दुसरी अडचण स्वरलिपीची. तिच्यात मी स्वतः फसले आहे, म्हणून सावध करते. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तक. पलुसकर पद्धतीत तेच टिंब डोक्यावर आलं की मंद्र सप्तक! पलुसकर पद्धतीत डोक्यावर उभी रेघ म्हणजे तार. भातखंडे पद्धतीत मध्यमावर उभी रेघ म्हणजे तीव्र मध्यम. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचलीत तर वरचा सा थेट तळाशी जाईल. पानाच्या वरच कोणती पद्धत ते लिहून ठेवावं.

ही पलुसकर मंडळी काही लांबची नव्हेत बरं का. विष्णु दिगंबर 1872 साली कुरुंदवाडला जन्मले. लहानपणी दारूच्या उडत्या फटाक्यानं डोळे अधू झाले, म्हणून मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला आले. 1901 साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. गाणं वर्गात बसून, पुस्तक हाती घेऊन, घरंदाज मुलींनीही शिकावं, ही गोष्ट त्या काळी सोपी नव्हती. 1931 मध्ये ते गेले, आणि त्याच साली शिष्यांनी मंडळ उभं केलं. आपण आज परीक्षेचा फॉर्म भरतो तो त्या कष्टांवर.

आता गंधाराकडे येते.

श्रुतींचा धडा वाचताना एका आकड्याशी मी अडखळले. सा 240 कंपनांचा धरला तर शुद्ध गंधार 300 यायला हवा, म्हणजे सव्वापट. पंचम 360, म्हणजे दीडपट. तंबोरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून हा गंधार आपोआप ऐकू येतो. कुणी छेडलेला नसतो तरी. पण पेटीवर तो 300 नसतो. 302 च्याही थोडा वर असतो!

असं का? तर पेटी आली विलायतेतून. तिकडच्या संगीतात एका वेळी अनेक स्वर जुळवून वाजवतात. आपले सा-ग-प एकदम दाबा, तोच त्यांचा मुख्य स्वरमेळ. शिवाय गाणं चालता चालता ते सा चीच जागा बदलतात, मधल्या काळ्या पट्ट्यांचे स्वर घेऊन एका मेळातून दुसऱ्यात शिरतात. म्हणजे बारांपैकी कोणत्याही पट्टीवर सा होण्याची वेळ यायची. पण दीडपटीच्या शुद्ध पंचमानं बारा पायऱ्या चढून गेलं, तर सा जिथे भेटायला हवा तिथे भेटत नाही; 128 पट व्हायच्या जागी पावणेएकशेतीस पट होते. ही वाढीव किनार कुठे दडवायची? त्यांनी ती बारा घरांत सारखी वाटून टाकली. त्यात पंचमाचं नुकसान अगदी नगण्य झालं, गंधाराचं मात्र कानाला कळण्याइतकं. स्वरमेळाच्या सोयीसाठी त्यांनी ही किंमत मोजली. त्यांच्या संगीताला ती परवडते. तंबोऱ्याजवळ बसणाऱ्या आपल्याला ती टोचते.

ही टोचणी शंभर वर्षांपूर्वी आपल्याच सांगलीत एका गृहस्थांना लागली होती. कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ ह्यांच्या गळ्यातले स्वर ऐकून, मोजून त्यांनी बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. ते 1910 मध्ये निघालं. क्लेमेंट्स नावाचे इंग्रज न्यायाधीशही ह्या नादाला लागले आणि श्रुतींची खास पेटी तयार झाली. 1916 च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिची बरीच चर्चा झाली, पण ती काही रुजली नाही. गळा जिथे घसरत, झुलत जातो, तिथे पट्टी कुठवर पुरणार? पुढे आकाशवाणीनं तर 1940 पासून तीसेक वर्षं पेटीला दारच बंद केलं होतं.

म्हणून काही पेटी अडगळीत टाकू नका. लहान मुलांना सूर धरायला तिच्यासारखी सोबत नाही. पण हा प्रयोग घरी जरूर करा. तंबोरा लावा, मिरजेचा नसला तर मोबाइलवरचा चालेल. त्यात सा मिसळून घ्या आणि सावकाश गंधार लावा. आवाज तंबोऱ्यात विरघळला, वेगळा ऐकूच येईना, की थांबा. आता पेटीचा गंधार दाबा. दोन सुरांत एक थरथर ऐकू येईल, ऊन पाण्यावर हलतं तशी.

मी हे पहाटे केलं, नळाला पाणी यायच्या आधी. थरथर ऐकली आणि मला ती मुलगीच आठवली. केसभर खाली. वीणेवर कान तयार झालेली पोर बरोबर गात होती. चुकत असलीच तर माझी पेटी चुकत होती. आणि बेसूर कोण ठरलं?

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिला बोलावलं. म्हटलं, "बाळ, तुझा सूर बरोबर होता. बाईंनाच ठाऊक नव्हतं." ती नुसती पायाकडे बघत राहिली. लगेच गटात आली असं नाही. पंधरा दिवस गेले. मग एका सकाळी मागच्या रांगेत उभी दिसली. त्या दिवशी मी पेटीवर फक्त सा आणि प धरून ठेवले.

तेव्हा मैत्रिणींनो, पेपर कशाला लिहायचा, ह्याचं माझं उत्तर हे असं आहे. अभ्यासाला रोज अर्धा तास पुरतो. पहिला आठवडा थाट वहीत मांडण्यात घालवा, दुसरा एकच बंदिश दोन्ही स्वरलिपींत लिहिण्यात. व्याख्या वाचण्याआधी तो स्वर गाऊन पाहा. आणि घरात कुणी "ह्या वयात?" म्हटलं, तर रागावू नका. आमच्या सासूबाई आता तंबोरा ऐकत शेंगा सोलतात आणि माझा गंधार चढला, की मान न वर करता म्हणतात, "जरा खाली घे गं."