शहाणपणाचा भाव

पैसा हातीं आला म्हणजे माणसास पहिली गोष्ट पटते ती स्वतःच्या शहाणपणाची. पैसा गेला म्हणजे तोच गृहस्थ पंचांग उघडून ग्रहांची चौकशी करूं लागतो. नफ्याचे कर्ते आपण आणि तोट्याचा कर्ता शनि, ही वांटणी फार जुनी आहे. ती पाहावयाची तर मुंबईच्या १८६१ ते १८६५ या काळाइतका सुरेख धडा मला दुसरा ठाऊक नाहीं.

अमेरिकेंत १८६१ सालीं यादवी युद्ध पेटलें. तेथील दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांस तिकडचा कापूस मिळेनासा झाला. त्यांची दृष्टि आपल्या कापसाकडे वळली, भाव कडाडले आणि मुंबईंत सोन्याचांदीचा ओघ सुरू झाला. लोकांनीं गाद्या उसवून आंतील कापूस विकला असें सांगतात. लढत होते दूर देशींचे लोक. पण इकडे ज्याच्या वखारींत गांठी पडून होत्या, तो एका रात्रींत धोरणी व्यापारी ठरला!

एवढा पैसा ठेवावयाचा कोठें? पेढ्या निघाल्या, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. जी जमीन अद्याप पाण्याखालीं होती, तिचे शेअर दर्शनी किंमतीच्या कित्येक पटींनीं विकले जाऊं लागले. त्रैराशिकांत चुकणारा मनुष्यहि अशा वेळीं चक्रवाढ व्याज बिनचूक करतो. कारण तें मनांतल्या मनांत करावयाचें असतें.

एप्रिल १८६५ मध्यें जनरल ली शरण गेला. तोफा थंडावल्या म्हणून इतरांनीं सुटकेचा निःश्वास टाकला असेल. मुंबईच्या बाजारांत मात्र सुतक पडलें. १ जुलै १८६५ हा वायदे पुरे करण्याचा दिवस. देणें सर्वांचें, येणेंहि सर्वांचें, आणि रोकड कोणाजवळच नाहीं! पुढें बँक ऑफ बाँबेहि बुडाली. दिनशा वाच्छा यांनीं हा प्रकार तरुणपणीं पाहिला होता. १९१० सालीं त्यांनीं त्यावर पुस्तकच लिहिलें. खेड्यापाड्यांतील कापूसकऱ्यांनीं तर चढ्या भावाच्या भरंवशावर कर्जें काढलीं होतीं. भाव उतरले, कर्ज मात्र उतरलें नाहीं.

या सट्ट्याचे अनभिषिक्त राजे प्रेमचंद रायचंद. तेहि या लाटेंत बुडाले. परंतु १८६४ मध्यें, भरभराटीच्या ऐन भरांत, त्यांनीं मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठीं दोन लक्ष व मनोऱ्यासाठीं दोन लक्ष रुपये देऊन टाकले होते. ते तिजोरींत राहते तर वर्षाच्या आंत इतरांच्याच वाटेनें जाते. मनोऱ्यास त्यांच्या मातोश्रींचें, राजाबाईंचें, नांव मिळालें. तो १८७८ मध्यें पुरा झाला. तोंपर्यंत बाजारहि सुतक फेडून बसला होता. १८७५ मध्येंच मुंबईच्या शेअर-दलालांनीं आपलें रीतसर मंडळ स्थापन केलें होतें.