विश्लेषण : घरचा पहिला पीसी जोडताना पैसे कुठे घालावेत? ओव्हरक्लॉकिंग आजही फायद्याचे आहे का?

भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यात घरासाठी डेस्कटॉप घेणाऱ्यांमध्ये गेम खेळणारी मुले असतात, तसेच डिप्लोमाचे विद्यार्थी, टूल रूममधील डिझायनर आणि पाळी संपल्यावर कॅड-कॅम शिकणारे कामगारही असतात. सुटे भाग निवडून पीसी जोडला तर प्रत्येक रुपया कुठे जातो हे ग्राहकाच्या हातात राहते. मात्र ‘पुढे वेग वाढवता येईल’ या आशेने महागडा प्रोसेसर घेतला आणि एसएमपीएस, कूलर, यूपीएसमध्ये काटकसर केली, तर तोच पीसी पहिल्या उन्हाळ्यात अडखळू लागतो. भाग कसे निवडावेत, ओव्हरक्लॉकिंगमधून काय मिळते आणि काय जाते, याचा हा आढावा.

आधी काम ठरवायचे की प्रोसेसर?

आधी काम. सॉलिडवर्क्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये पार्ट तयार करताना बराच भार एकाच कोअरवर येतो. तिथे १६ कोअरच्या प्रोसेसरपेक्षा जास्त वेगाचे ६ कोअर उपयोगी पडतात. रेंडरिंग, व्हिडीओ एडिटिंग आणि काही प्रकारच्या सिम्युलेशनमध्ये मात्र जास्त कोअरचा फायदा दिसतो. गेमसाठी प्रोसेसरपेक्षा ग्राफिक्स कार्डावर जास्त खर्च करावा लागतो.

पहिल्या पीसीसाठी ६ कोअर आणि १२ थ्रेडचा प्रोसेसर पुरेसा ठरतो. इंटेलचा आय५-१२४००एफ, एएमडीचे रायझन ५ ५६०० आणि रायझन ५ ७६०० हे याच गटातले. इंटेलच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल तर त्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसते. वेगळे कार्ड घेतले नाही तर मॉनिटरवर काहीच दिसणार नाही. रायझन ५ ५६०० मध्येही ग्राफिक्स नाही. ५६००जी मध्ये ते आहे. बजेट कमी असेल तर ५६००जी घेऊन ग्राफिक्स कार्ड नंतर घालता येते.

मदरबोर्ड निवडताना पुढच्या चार वर्षांचा विचार करावा. एएमडीच्या एएम५ सॉकेटला २०२७ पर्यंत आणि त्यानंतरही पाठिंबा देण्याचे कंपनीने जाहीर केले आहे. म्हणजे बोर्ड तोच ठेवून पुढे नवा प्रोसेसर बसवता येण्याची शक्यता आहे. इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीचे एलजीए १७०० सॉकेट मात्र आता मागे पडले आहे.

‘आय५’ लिहिलेला स्वस्त पीसी का टाळावा?

‘आय५, १६ जीबी रॅम, ५०० जीबी एसएसडी’ अशी जाहिरात दिसते आणि किंमत निम्म्याहून कमी असते. अशा वेळी प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक विचारावा. आय५-३४७० हाही आय५च आहे, पण तो २०१२चा. विंडोज ११ साठी इंटेलची ८वी किंवा त्यानंतरची पिढी आणि टीपीएम २.० लागते. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे असा पीसी पहिल्या दिवसापासूनच जुना ठरतो.

सेकंड हँड ग्राफिक्स कार्डाबाबतही सावध राहावे. जुन्या कार्डाचे सॉफ्टवेअर बदलून ते नव्या मॉडेलच्या नावाने विकण्याचे प्रकार होतात. जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर अशी अनेक बनावट कार्डे ओळखते. पैसे देण्यापूर्वी दुकानातच ते चालवून पाहावे.

रॅमचे गणित का बिघडले?

२०२५ च्या उत्तरार्धापासून मेमरी चिपचे भाव झपाट्याने वाढले. एआय डेटा सेंटरकडून मागणी प्रचंड असल्याने उत्पादकांनी क्षमता तिकडे वळवली. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रुशियल’ या नावाने सामान्य ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकण्याचा व्यवसाय बंद करण्याची घोषणा केली. त्यामुळे जुन्या व्हिडीओत सांगितलेले बजेट आता जुळत नाही.

आज पहिल्या पीसीसाठी १६ जीबी ही किमान पायरी मानावी. ८ जीबीच्या दोन पट्ट्या घेतल्यास ड्युअल चॅनलमुळे वेग चांगला मिळतो. प्रोसेसरमधील ग्राफिक्सवर अवलंबून असलेल्यांनी तर दोनच पट्ट्या घ्याव्यात, कारण ते ग्राफिक्स हीच रॅम वापरते. मोठ्या असेंब्ली उघडणाऱ्यांनी १६ जीबीच्या दोन पट्ट्यांसाठी इतर कुठे बचत करता येईल ते पाहावे.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे नेमके काय?

प्रोसेसर उत्पादकाने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. यातले गाजलेले उदाहरण १९९८ च्या इंटेल सेलेरॉन ३००ए चे. हा ३०० मेगाहर्ट्झचा स्वस्त प्रोसेसर. मदरबोर्डवरील बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की तो ४५० वर चाले. म्हणजे जादा पैसे न देता थेट ५० टक्के वेगवाढ. ओव्हरक्लॉकिंगची कीर्ती त्या काळातली आहे.

आज ती फट उरलेली नाही. रायझन ५ ७६०० चा मूळ वेग ३.८ गिगाहर्ट्झ आहे, पण तापमान आणि वीज यांना वाव असेल तर तो स्वतःच ५.१ पर्यंत जातो. शिलकीतला बहुतेक वेग कंपनीच वापरून टाकते.

शिवाय त्यासाठी वेगळे भाग लागतात. इंटेलमध्ये सहसा नावाशेवटी ‘के’ असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेचा मदरबोर्ड घ्यावा लागतो. दोन्ही महाग. एएमडीचे बहुतेक रायझन खुले असले, तरी ए५२० किंवा ए६२० चिपसेटच्या बोर्डावर प्रोसेसरचा वेग वाढवता येत नाही; बी किंवा एक्स मालिकेचा बोर्ड लागतो.

वेग थोडा वाढला की उष्णता इतकी का वाढते?

सीएनसी मशिनवर काम करणाऱ्यांना हे लवकर समजेल. कटिंग स्पीड १० टक्के वाढवला तर सायकल टाइम थोडा कमी होतो, पण कार्बाइड इन्सर्टचे आयुष्य साधारण एक तृतीयांश घटू शकते. टेलरच्या टूल लाइफ समीकरणातून हेच निघते.

प्रोसेसरचेही असेच आहे. त्याला लागणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्के वाढवला आणि तो टिकवण्यासाठी व्होल्टेजही १० टक्के वाढवावे लागले, तर १.१ गुणिले १.१ गुणिले १.१ म्हणजे १.३३. वेग १० टक्के, उष्णता ३३ टक्के.

पिंपरी-चिंचवडच्या उन्हाळ्यात काय होते?

इंटरनेटवरील बहुतेक चाचण्या २० ते २५ अंशांच्या खोलीत झालेल्या असतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या आसपास जातो आणि पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरील खोलीत तो रात्रीही लवकर उतरत नाही.

समजा, पूर्ण भारावर प्रोसेसर खोलीपेक्षा ४५ अंशांनी गरम होतो. २४ अंशांच्या खोलीत तो ६९ वर राहील, ४० अंशांच्या खोलीत ८५ वर. आता उष्णता ३३ टक्क्यांनी वाढली तर हा फरक ६० अंशांचा होतो. २४ अंशांच्या खोलीत ८४; चालून जाईल. ४० अंशांच्या खोलीत मात्र १००. रायझन ७६०० ची मर्यादा ९५ अंश आहे. तिथे पोहोचताच तो स्वतःचा वेग कमी करतो. म्हणजे वेग वाढवण्यासाठी घातलेले पैसे नेमके मे महिन्यात निकामी ठरतात.

म्हणून समोर जाळी आणि किमान दोन-तीन पंखे असलेले कॅबिनेट घ्यावे. काचेचा बंद दर्शनी भाग देखणा असतो, पण हवा अडवतो. मोशी, चाकण, तळेगाव रस्त्यांलगत धूळ जास्त. फिल्टर दर महिन्याला साफ करावा. वर्कशॉपमध्येच पीसी ठेवणार असाल तर ग्राइंडिंगपासून लांब ठेवा. लोखंडाची बारीक भुकटी वीजवाहक असते आणि बोर्डवर शॉर्ट करू शकते.

एसएमपीएस आणि यूपीएस किती क्षमतेचे?

रायझन ५ ७६०० पूर्ण भारावर सुमारे ८८ वॉट घेतो. आरटीएक्स ४०६० कार्ड ११५ वॉट. बोर्ड, एसएसडी, पंखे यांचे ५०-६० धरले तर एकूण २६० वॉटच्या आसपास. त्यासाठी नामांकित कंपनीचा, ८० प्लस प्रमाणपत्र असलेला ५५० वॉटचा एसएमपीएस पुरेसा आहे. कॅबिनेटसोबत फुकट मिळणाऱ्या एसएमपीएसवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नये. तो बिघडला तर सोबत बोर्ड आणि कार्डही नेऊ शकतो.

यूपीएसवर व्हीए आणि वॉट हे दोन वेगळे आकडे असतात. ६०० व्हीएचा यूपीएस बहुतेक वेळा ३६० वॉटच देतो. मॉनिटर धरून वरील पीसी पूर्ण भारावर असेल तर तो काठावर येतो. १००० व्हीएचा यूपीएस घेतला तर काम सेव्ह करून पीसी बंद करायला उसंत मिळते. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याचे बटण ‘यूपीएस मोड’वर ठेवावे, नाहीतर वीज जाताच पीसी रीस्टार्ट होण्याची शक्यता असते.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही, असे समजावे. भाड्याच्या खोल्यांत ही तक्रार सर्रास आढळते. पीसी जोडण्यापूर्वी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावे.

आणखी एक स्थानिक गोष्ट. औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याची कामेही बहुधा त्याच दिवशी निघतात. बायोस अपडेट चालू असताना वीज गेली तर मदरबोर्ड बंद पडू शकतो. सुट्टी आहे म्हणून गुरुवारी पीसी जोडणाऱ्यांनी महावितरणचा संदेश आधी पाहावा.

जास्त व्होल्टेजने खरेच नुकसान होते का?

होते, आणि कारखान्याच्या सेटिंगवरही होऊ शकते. २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे अनेक डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होऊ लागले. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत असल्याचे इंटेलने मान्य केले, बायोसमार्फत सुधारणा दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. मात्र आधीच झिजलेला प्रोसेसर अपडेटने बरा होत नाही. या पिढीचा सेकंड हँड प्रोसेसर घेताना हे लक्षात ठेवावे.

ठरलेल्या मर्यादेबाहेर चालवल्याने झालेले नुकसान एएमडीच्या वॉरंटीत येत नाही. तासन्‌तास चालणारे रेंडरिंग पहाटे निळ्या पडद्यावर थांबणे ही अस्थिरतेची दिसणारी खूण. न दिसणारा धोका जास्त मोठा : रॅम चुकत असेल तर फाइल गुपचूप खराब होते आणि ते आठवड्याने कळते.

मग वेग मिळवायचा तरी कसा?

आधी फुकटचा वेग घ्यावा. डीडीआर५-६००० ची रॅम बायोसमध्ये एक्स्पो किंवा एक्सएमपी सुरू केल्याशिवाय सहसा ४८०० वरच चालते. हेही तांत्रिकदृष्ट्या ओव्हरक्लॉकिंगच, पण रॅम उत्पादकाने तपासलेले. ते सुरू करून मेमटेस्ट८६ रात्रभर चालवावे. एकही चूक दिसली तर वेग एक पायरी खाली आणावा. मॉनिटरची केबल मदरबोर्डला न लावता ग्राफिक्स कार्डाला लावली आहे ना आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजमध्ये ६० वर तर अडकला नाही ना, हेही पाहावे.

त्यानंतर व्होल्टेज वाढवण्याऐवजी थोडे कमी करून पाहावे. याला अंडरव्होल्टिंग म्हणतात. रायझनमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझरला उणे १० पासून सुरुवात करता येते. उष्णता कमी झाली की प्रोसेसर वरचा वेग जास्त वेळ टिकवतो. एका वेळी एकच बदल करावा, ओसीसीटीसारखी चाचणी तासभर चालवावी, एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमान पाहावे आणि प्रत्येक आकडा वहीत लिहून ठेवावा. जमले नाही तर बायोस मूळ सेटिंगवर आणले की झाले.

खरेदीच्या वेळी काय पाहावे?

खरेदी पिंपरी-चिंचवडच्या दुकानातून असो, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून असो की ऑनलाइन, जीएसटी बिल घ्यावे आणि त्यावर प्रत्येक भागाचा सिरीयल नंबर असावा. वॉरंटीचा काळ भारतातला आहे की परदेशातला, हे विचारावे. बिलाशिवाय मिळणारी सूट पहिला भाग बिघडताच महागात पडते.

पैसे कमी पडत असतील तर ग्राफिक्स कार्ड पुढे ढकलता येते, रॅम नंतर वाढवता येते, मॉनिटर जुना चालतो. एसएमपीएस, हवा खेळती ठेवणारे कॅबिनेट आणि अर्थिंग मात्र पहिल्याच दिवशी नीट हवे. पुढची चार-पाच वर्षे बाकीचे सगळे भाग त्यांच्याच भरवशावर चालणार असतात.