दंडातल्या बेटकुळीची सात गुपितं

जबलपूरजवळच्या रिछाई औद्योगिक वसाहतीत काय, नाहीतर आपल्या कुठल्याही एमआयडीसीत काय, दिवसभर ओझी उचलणारा हमाल पाहा. अंग काटक, पकड लोखंडी. पण दंडाचं माप वर्षानुवर्षं तेच. आणि रोज तासभर जिममध्ये जाणाऱ्या पोराचे शर्ट मात्र सहा महिन्यांत दंडावर तटतटायला लागतात. असं का? वाचा!

१. शरीर पक्कं कंजूष!
स्नायू पोसायला अन्न लागतं, म्हणून गरजेपेक्षा जास्त स्नायू शरीर ठेवत नाही. रोज तेच ओझं आलं, की ‘आहे तेवढं पुरे’! वाढ हवी तर वजनही वाढायला हवं. २० किलो बारा वेळा आरामात उचलता आले, की पुढच्या खेपेला साडेबावीस. बस्स, सगळी विद्या एवढीच.

२. आधी डोकं, मग दंड
पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते, पण टेप लावली तर माप जागच्या जागी. कारण आधी मज्जासंस्था तयार होते: झोपा काढणाऱ्या स्नायूतंतूंनाही ती कामाला जुंपते. माप वाढायला त्यानंतर महिने लागतात. म्हणून तिसऱ्या आठवड्यात आरशावर रुसू नका.

३. उजव्याचा व्यायाम, डाव्याला फायदा
एकाच हाताने वजनं उचलली तरी दुसऱ्या हाताची ताकदही थोडी वाढते! एक हात प्लॅस्टरमध्ये असेल, तर डॉक्टरांना विचारून दुसरा चालू ठेवावा, तो याचसाठी.

४. सूर्यनमस्कारवाले राजे आणि सँडो
सूर्यनमस्कारांचा जगभर प्रचार करणारे औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी आधी चक्क सँडोभक्त होते. युरोप गाजवणारा पहिलवान युजेन सँडो याची पुस्तकं आणि साधनं त्यांनी १८९७ मध्ये मागवली आणि दहा वर्षं नेमाने व्यायाम केला. सूर्यनमस्काराचं वेड त्यानंतरचं. तिकडे बडोद्यात द. चिं. मुजुमदार यांनी मराठीत ‘व्यायामज्ञानकोशा’चे तब्बल दहा खंड काढले!

५. एका किलोने हुकलेलं सोनं
सांगलीचा संकेत सरगर वडिलांच्या पानाच्या टपरीवर हात लावत वेटलिफ्टिंग शिकला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात त्याने स्नॅचमध्ये ११३ आणि क्लीन अँड जर्कमध्ये १३५, असे एकूण २४८ किलो उचलले. पुढे १३९ चा प्रयत्न करताना कोपर दुखावलं. तरी गडी पुन्हा बारला भिडला, पण जमलं नाही. मलेशियाच्या अनिक कसदानने २४९ वर सुवर्ण नेलं. दोन्ही प्रकार मिळून स्वतःच्या वजनाच्या साडेचार पट लोखंड उचलून रौप्य! त्याची बहीण काजोल हिनेही त्याच वर्षी खेलो इंडिया युवा स्पर्धेत ४० किलो गटाचं सुवर्ण पटकावलं.

६. नव्वदीतही स्नायू ऐकतात
१९९० मध्ये अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात सरासरी नव्वदीच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम करून घेतला गेला. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली! ‘आता या वयात कुठे’ म्हणणाऱ्या आजोबांना हा आकडा जरूर ऐकवा. मात्र सुरुवात डॉक्टरांना विचारून आणि जाणकाराच्या देखरेखीखाली.

७. दुखतं ते उतरवताना
दुसऱ्या दिवशी जिना उतरताना ‘आई गं’ होतं, त्याचं खापर लॅक्टिक ॲसिडवर फुटतं. ते बिचारं तासाभरातच ओसरतं. खरं दुखणं तंतूंना झालेल्या बारीक इजेचं, आणि ती वजन उचलताना कमी, सावकाश खाली आणताना जास्त होते. एक ते तीन दिवस कळ काढा. पण सांध्यात चमक भरली तर लगेच थांबा.

जाता जाता, ताटाकडे बघा. स्नायू वाढवायचे तर शरीराच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १.६ ग्रॅम प्रथिनं पुरेशी होतात. म्हणजे साठ किलोच्या माणसाला ९६ ग्रॅम. एका अंड्यात असतात जेमतेम सहा, मूठभर फुटाण्यांत त्याहून थोडी इकडेतिकडे. तेव्हा डाळ, दही, फुटाणे, अंडी, मासे यांची बेरीज आधी मांडा, पावडरचा डबा मग. आणि एक दोनशे पानी वही घ्या: आज किती उचललं, किती वेळा, एवढंच लिहा. पुढच्या महिन्यात आकडा तोच दिसला, तर दोष जिमला देऊ नका. वजन वाढवा!