एकशे अकरावा

रामकुमार रामनाथन हे नाव वाचून किती जणांच्या डोळ्यांसमोर चेहरा उभा राहील, शंकाच आहे. चेन्नईचा हा उंचापुरा खेळाडू, जन्म १९९४ चा. सर्व्हिस तोफेसारखी, आणि सर्व्हिस केली की लगेच नेटकडे धाव. जून २०१७ मध्ये तुर्कस्तानातल्या अंताल्याच्या हिरवळीवर त्याने जगातल्या आठव्या क्रमांकाच्या डॉमिनिक थीमला ६-३, ६-२ असं सरळ हरवलं. तेव्हा रामकुमार स्वतः २२२ वा होता. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या न्यूपोर्टला तो एटीपीच्या, म्हणजे पुरुष व्यावसायिकांच्या संघटनेच्या, स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचला. तिथे स्टीव्ह जॉन्सनने त्याला तीन सेटमध्ये हरवलं. जुलै २०१८ संपता संपता त्याचं नाव जागतिक यादीत १११ व्या स्थानावर होतं. त्यापुढे ते कधी गेलं नाही.

एखाद्या सर्जनबद्दल किंवा तबलजीबद्दल ‘जगात एकशे अकरावा’ असं कुणी सांगितलं, तर त्याच्या गावात कमानी उभ्या राहतील. टेनिसमध्ये हा आकडा क्रूर आहे. ग्रँड स्लॅमच्या पुरुष एकेरीत १२८ जागा असतात. क्रमवारीवर थेट प्रवेश मिळतो तो साधारण १०४ जणांना. आठ जागा वाइल्ड कार्डच्या, म्हणजे आयोजकांच्या मर्जीच्या, त्यातल्या बऱ्याचशा यजमान देशाच्या पोरांना जातात. उरलेल्या सोळा जागांसाठी १२८ जणांची पात्रता फेरी. सलग तीन सामने जिंका, मग आत या. रामकुमार या पात्रता फेरीत वीसहून अधिक वेळा उतरला. २०२१ च्या विम्बल्डनला तर तो शेवटच्या सामन्यापर्यंत पोचला आणि पाचव्या सेटमध्ये ९-११ ने हरला. ग्रँड स्लॅम एकेरीचा मुख्य ड्रॉ त्याच्या वाट्याला आजवर आलेला नाही.

त्याला अपयशी म्हणणारे भेटतात. त्यांनी टेनिसची शिडी खालून कधी पाहिलेली नसते, असं माझं मत आहे.

या शिडीची सगळ्यात खालची पायरी म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची एम१५ स्पर्धा. एकूण बक्षीस १५ हजार डॉलर. ते एकेरी-दुहेरीच्या सगळ्या खेळाडूंत वाटायचं. विजेत्याला २,१६० डॉलर. पहिल्या फेरीत हरणाऱ्याला दीडशेच्या आसपास, त्यातूनही कर कापला जातो. विजेत्याला क्रमवारीचे १५ गुण, पहिल्या फेरीत हरलेल्याला भोपळा. ट्युनिशियातलं मोनास्तीर, इजिप्तमधलं शर्म अल-शेख, तुर्कस्तानातलं अंताल्या, इथे अशा स्पर्धा आठवड्यामागून आठवडे त्याच हॉटेलच्या आवारात चालतात. मंगळवारी हरलात, तरी विमानाचं तिकीट परवडत नाही म्हणून पुढच्या स्पर्धेपर्यंत तिथेच थांबायचं. एका खोलीत दोघांनी राहायचं, रॅकेटचं गटिंग, म्हणजे तारा ताणून बसवणं, स्वतः करायचं, आणि प्रॅक्टिसला कोण मिळतं ते शोधायचं. प्रेक्षक म्हणजे कुणाचा तरी कोच आणि कुणाची तरी आई. जर्मन-जमैकन डस्टिन ब्राऊनने तर या दिवसांत हॉटेलच टाळलं. आईवडिलांनी घेऊन दिलेल्या कॅम्पर व्हॅनमध्ये राहून त्याने युरोपभर स्पर्धा केल्या. गटिंगचं मशीन त्या गाडीतच होतं. इतर खेळाडूंच्या रॅकेटी ताणून देऊन तो चार पैसे मिळवायचा. पुढे २०१५ च्या विम्बल्डनला त्याने राफाएल नदालला हरवलं, तेव्हा टीव्हीवर दिसली ती त्याची लांब जटांची वेणी. व्हॅनची वर्षं दिसली नाहीत.

एम१५ च्या वर एम२५, त्यावर चॅलेंजर, त्यावर एटीपीचा खरा दौरा. चॅलेंजरला निदान मुख्य ड्रॉमधल्या खेळाडूची राहण्याची सोय होते. पण वर चढणं हे निम्मंच काम. मिळवलेले गुण ५२ आठवड्यांनी गळून पडतात. गेल्या वर्षी ज्या आठवड्यात जिंकलात, त्याच आठवड्यात यंदा तेवढंच कमवा, नाहीतर घसरा. सगळी कारकीर्द गळक्या माठात पाणी भरण्याची. दुखापतीने तीन-चार महिने घरी बसावं लागलं की माठ अर्धा रिकामा.

सुमित नागलची गोष्ट या हिशेबाशिवाय कळत नाही. हरियाणातल्या झज्जरचा हा मुलगा २०१९ च्या अमेरिकन ओपनमध्ये रॉजर फेडररकडून पहिला सेट घेऊन गेला होता. सप्टेंबर २०२३ मध्ये, भारताचा एकेरीतला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू असताना, त्याने जाहीर सांगितलं की आपल्या बँक खात्यात ९०० युरो आहेत. म्हणजे ८० हजार रुपयांच्या आसपास. त्या वर्षीच्या २४ स्पर्धांतून त्याला सुमारे ६५ लाख मिळाले होते. मोठी रक्कम वाटते खरी. पण एकच कोच सोबत घेऊन, फिजिओशिवाय वर्षभर फिरायचा खर्चच ८० लाख ते एक कोटी येत होता.

चार महिन्यांनी, जानेवारी २०२४ मध्ये, नागल मेलबर्नला ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये तीन पात्रता सामने जिंकून मुख्य ड्रॉमध्ये आला. तेव्हा तो १३७ वा होता. पहिल्याच फेरीत त्याने ३१ व्या मानांकित अलेक्झांडर बुब्लिकला तीन सरळ सेटमध्ये हरवलं. ग्रँड स्लॅम एकेरीत मानांकिताला हरवणारा भारतीय त्याआधी १९८९ मध्ये झाला होता. मॅट्स विलँडरवर मात करणारा रमेश कृष्णन. त्या एका विजयाने नागलला दुसऱ्या फेरीचे १ लाख ८० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले, म्हणजे आदल्या अख्ख्या वर्षाच्या कमाईहून जास्त. जुलैत तो ६८ वा झाला. पुढच्या वर्षी ते गुण गळले आणि तो पुन्हा शंभराबाहेर गेला.

टेनिसमधल्या भ्रष्टाचाराची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र समितीचा अहवाल २०१८ मध्ये आला. जगात सुमारे १५ हजार जण व्यावसायिक म्हणवून खेळतात आणि त्यातल्या अडीचशे ते साडेतीनशे जणांचाच खर्च भरून निघतो, असं त्यात नोंदवलं होतं. तोही कोचचा पगार न धरता. सट्टेवाले याच तळाच्या स्पर्धांत शिरतात, यात नवल नाही. एक गेम मुद्दाम हरण्याचे पैसे सामना जिंकण्यापेक्षा जास्त मिळत असतील, तर दोष खेळाडूचा आहेच, पण हा बाजार मांडणाऱ्यांचा कमी नाही. २०२४ पासून एटीपीने पहिल्या अडीचशे जणांना किमान उत्पन्नाची हमी दिली. शंभराच्या आतल्यांना तीन लाख डॉलर, १७५ पर्यंत दीड लाख, २५० पर्यंत ७५ हजार. उशिरा आलेलं शहाणपण. २५१ व्याला त्याचा उपयोग नाही.

मग काही जण दुहेरीकडे वळतात. पुण्याचा अर्जुन कढे अमेरिकेत ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाकडून खेळून या दौऱ्यावर आला, अनेक वर्षं चॅलेंजरांत घासला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ऋत्विक बोल्लिपल्लीसोबत अल्माटीला एटीपीचं पहिलं दुहेरी विजेतेपद घेऊन आला. रामकुमारनेही २०२२ मध्ये रोहन बोपण्णाच्या जोडीने पुण्यात दुहेरी जिंकली. बायकांच्या दौऱ्यावर वाट आणखी अरुंद. ऋतुजा भोसलेने हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत बोपण्णासह मिश्र दुहेरीचं सुवर्ण मिळवलं, देशभर सत्कार झाले. पण त्या पदकाचा क्रमवारीत एक गुणही नसतो. पुढची स्पर्धा पुन्हा खालच्याच पायरीवरची.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्यात बालेवाडीला चॅलेंजर स्पर्धा झाली. ती जिंकली मोनॅकोच्या व्हॅलेंटिन वाशेरोने. पुणेकरांपैकी फारच थोड्यांनी ती पाहिली. ऑक्टोबर २०२५ मध्ये हाच वाशेरो २०४ व्या क्रमांकावर असताना शांघाय मास्टर्सला राखीव यादीतून पात्रता फेरीत शिरला, उपांत्य फेरीत नोव्हाक जोकोविचला आणि अंतिम फेरीत स्वतःच्या मावसभावाला हरवून विजेता झाला. एवढ्या खालच्या क्रमांकाच्या खेळाडूने मास्टर्स स्पर्धा जिंकल्याचं पहिल्यांदाच घडलं. बक्षिसाचे ११ लाख डॉलर त्याच्या तोवरच्या साऱ्या कमाईच्या जवळपास दुप्पट होते. असे वाशेरो हजारांत एखादे, हे खरं. बाकीचे तिशीत कोचिंगला लागतात.

पुण्यात, सोलापुरात, नवी मुंबईत अशा स्पर्धा होत असतात, आणि खालच्या पायरीवरच्या स्पर्धांना सहसा तिकीटही नसतं. यंदा एखादी दुपार काढा, मुलांना घेऊन जा, आणि पहिल्या फेरीचा सामना पाहा. टाळ्या दोघांसाठीही वाजवा.