पामची रोपं निमबटाईने: आठ हजार बुडाल्यावर जमलेला धंदा



परवाच्या व्हिडिओत मी दुकानातल्या पामच्या कुंड्या दाखवल्या, तर खूप जणांनी एकच विचारलं, "ताई, रोपं कुठून आणता?" उत्तर थोडं लांब आहे, म्हणून इथे लिहिते. त्यात माझे बुडालेले पैसेही आले.

माझं जळगावात कुंड्या आणि बागेच्या सामानाचं छोटं दुकान आहे. बीबीए केलंय, त्यामुळे कागदावर नफा काढणं मला लगेच जमतं. तीन वर्षांपूर्वी असाच काढला. अरेका पामची बी दोन रुपयाला, तयार कुंडी अडीचशेला. मग काय! हजार बिया ऑनलाइन मागवल्या. पिशव्या, माती, शेडनेट धरून आठ हजार घातले. भिशीचे पैसे होते. उगवल्या किती? अकरा. घरात पुढचा महिनाभर काय काय ऐकून घेतलं ते विचारू नका.

चूक माझीच. अरेकाची बी म्हणजे कणगीत भरून ठेवायचे गहू नाहीत. ती फार वाळली की उगवत नाही. बी कधी काढली, हे मी विचारलंच नव्हतं.

माझं माहेर धुळ्याचं, देवपूरचं. तिथल्या शेजारच्या मावशींच्या अंगणात अरेकाचं जुनं बेट आहे. खाली पडलेल्या बियांतून आपोआप रोपं यायची आणि मावशी ती तण समजून उपटून टाकायच्या! मी पिशवीभर पिकलेली फळं गोळा केली, पैसे द्यायला लागले, तर म्हणाल्या, "लई जाय बेटा, पैसा कसाना?"

बी अशी लावा

फळ पिवळं-नारिंगी झालं की काढा. गर चोळून धुवा. बी एक दिवस पाण्यात भिजवा, तरंगणाऱ्या बिया बाजूला काढा. ओलसर कोकोपीट प्लास्टिकच्या पिशवीत भरा, त्यात बी ठेवून तोंड बंद करा. कोकोपीट मुठीत दाबलं तर पाणी टपकायला नको. पिशवी उबदार जागी ठेवा, उन्हात नाही. ताजी बी साधारण दीड-दोन महिन्यांत कोंब काढते, काही बिया जास्त वेळ घेतात. तोवर उकरून बघू नका.

आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडाशी सुरुवात केलेली बरी. पामला उष्णता आवडते, पण खान्देशातला मे महिन्याचा कोरडा वारा कोवळ्या रोपाला सोसत नाही. पहिला उन्हाळा सावलीतच काढा. बोअरचं पाणी खारट असेल तर पानांची टोकं करपतात, म्हणून पावसाचं पाणी साठवता आलं तर साठवा. भेरली माडाची फळं मात्र उघड्या हाताने चोळू नका, भयंकर खाज सुटते. हातमोजे घाला.

मग निमबटाई कशी आली?

रोपं आली, पण विकण्याजोगी व्हायला दीड वर्ष लागणार. दुकानात तेवढी जागा नाही, पाणी नाही. तेव्हा वडिलांची शेतीतली पद्धत आठवली. जमीन एकाची, कष्ट दुसऱ्याचे, पीक निम्मं-निम्मं. मी ओळखीच्या १२ बायकांना प्रत्येकी १० रोपं दिली. वाढवायची त्यांनी. जगतील त्यातली निम्मी त्यांची, निम्मी माझी.

१२० पैकी ९६ जगली. माझ्या वाट्याला ४८. आता एक गोष्ट लक्षात घ्या. नर्सरीत जी भरगच्च अरेकाची कुंडी दिसते, त्यात बहुतेक वेळा एक नाही, अनेक रोपं एकत्र लावलेली असतात. मी चार-चार लावली. झाल्या १२ कुंड्या. अडीचशेने ३,००० रुपये. दीड वर्षात फक्त तीन हजार!

पण त्याच दीड वर्षात या बायका, त्यांच्या जावा, शेजारणी यांनी माझ्याकडून कुंड्या, तयार माती आणि खत नेलं. वहीत मी त्यांची नावं वेगळी लिहीत होते. बेरीज आली १४,२०० रुपये. खर्च वजा जाता हातात राहिले ते यातूनच. म्हणून नवीन दुकानदाराला सांगते, फक्त पामच्या रोपांवर घर चालेल असं समजू नका. रोपं माणसं जोडतात, विक्री बाकीच्या सामानाची होते.

अशी वाटावाट काही मी शोधलेली नाही. १९५६ साली अमेरिकेत डेंट स्मिथ यांनी पाम सोसायटी सुरू केली. तिचे सभासदही ताजी बी एकमेकांना देत आले, कारण पामची बी वाट बघत बसत नाही. आणि पाम म्हणजे सगळं परदेशीच असं नाही. लक्ष्मीपूजनाला जी केरसुणी पूजतो, ती आपल्या नाल्याकाठच्या शिंदीच्या पानांची. शिंदीसुद्धा पामच.

कागदाचं दोन ओळीत: जिवंत रोपांवर जीएसटी शून्य आहे. मात्र फळझाडांची रोपं किंवा कलमं विकायची असतील तर कृषी विभागाचा रोपवाटिका परवाना लागतो. आधी तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्या.

पहिल्या १२ कुंड्यांतली एक घेऊन मी देवपूरला गेले. मनात धाकधूक होती, कारण मावशींनी फुकट दिलेल्या बियांवर मी पैसे कमावले होते. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "रोप वाढवायला कष्ट पडतात, त्याचे घे. बियांचे घेऊ नको." तेव्हापासून दुकानात काउंटरवर एक डबा असतो. हंगामात त्यात ताजी बी असते, कुणीही मूठभर न्यावी. पैसे घेत नाही.

तुमच्या गल्लीत कुणाच्या अंगणात फळं धरलेला पाम आहे का, या आठवड्यात बघून या. आणि सुरुवात २० बियांनीच करा, हजारांनी नको.