सॅक्रमेंटोचे वार्तापत्र : बिनपगारी शुक्रवार

महाराष्ट्रात ‘फर्लो’ म्हटले की रजेवर सुटलेला कैदी आठवतो. कॅलिफोर्नियाच्या सरकारी कचेऱ्यांत त्याच शब्दाचा अर्थ सक्तीची बिनपगारी सुट्टी असा होतो. डिसेंबर २००८ मध्ये गव्हर्नर अर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी तसा हुकूम काढला. फेब्रुवारी २००९ पासून महिन्याला दोन आणि जुलैपासून तीन दिवस बहुतेक कचेऱ्या बंद राहू लागल्या, तेही शुक्रवारी. तीन दिवसांच्या सुट्टीने पगार सुमारे १४ टक्क्यांनी घटला. दोन लाखांच्या आसपास माणसे त्यात सापडली. तूट ४२ अब्ज डॉलरच्या घरात गेली होती. जुलैत तर राज्याने अनेकांच्या हाती पैशांऐवजी ‘नंतर देऊ’ अशा वचनचिठ्ठ्या ठेवल्या.

ही पाळी कर्मचारी फार झाल्याने आली नव्हती. येथील राज्याला वॉशिंग्टनमधल्या केंद्र सरकारप्रमाणे वर्षानुवर्षे तूट ओढता येत नाही, अर्थसंकल्पाचा मेळ बसवावाच लागतो. १९७८ च्या सार्वमताने घरपट्टीला मर्यादा घातली, शिवाय कर वाढवायला विधिमंडळात दोन तृतीयांश मते लागतात. त्यामुळे तिजोरीची मदार प्राप्तिकरावर, आणि त्यातही थोड्या श्रीमंतांच्या भांडवली नफ्यावर आहे. शेअरबाजार कोसळला की उत्पन्न कोसळते. कर वाढवण्याची वाट अशी अडलेली असल्यामुळे सरकारची नजर लगेच पगाराकडे वळते. गव्हर्नरला एकट्याला अशी सक्तीची सुट्टी लादण्याचा अधिकार नाही, असे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१० मध्ये सांगितले. पण विधिमंडळाने नंतर अर्थसंकल्पातून या कपातीला मान्यता दिली होती, म्हणून ती टिकली.

माझे म्हणणे असे की, याला बचत म्हणणेच चूक आहे. हे कर्मचाऱ्यांकडून न विचारता घेतलेले कर्ज आहे. तुरुंगाला शुक्रवारी कुलूप लावता येत नाही, म्हणून पहारेकऱ्यांनी कमी पगारात कामही केले आणि सुट्टी खात्यावर साठवली. इतरांनी आधी फर्लोचे दिवस वापरले. त्यांची हक्काची भरपगारी रजा शिल्लक राहिली. ती रजा निवृत्तीच्या वेळी शेवटच्या, म्हणजे वाढलेल्या पगाराच्या दराने रोखीत द्यावी लागते. २००९ मध्ये वाचवलेला तास पुढे महाग पडतो तो असा. कर वसूल करणारे कर्मचारीही घरी बसवले गेले. अपंगत्व भत्त्याचे अर्ज तपासणाऱ्यांचा पगार तर केंद्र सरकार देत होते. त्यांना घरी बसवून राज्याचा एक डॉलरही वाचला नाही, अर्ज मात्र तुंबले आणि त्याची झळ आजारी माणसांना बसली.

यावर आक्षेप घेतला जातो तो हलका नाही. २०१० मध्ये या राज्यातली बेकारी १२ टक्क्यांवर होती. खासगी नोकरदार रस्त्यावर येत असताना सरकारी माणसाने पगारातला थोडा वाटा का सोडू नये? सोडावा, नोकरी जाण्यापेक्षा पगार घटलेला बरा, हे मलाही मान्य आहे. पण मग त्याला उसनवारी म्हणा आणि परतफेडीची तारीख सांगा. गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांच्या काळात जुलै २०२० पासून पगार ९.२३ टक्क्यांनी घटले. श्रीमंतांचे उत्पन्न अपेक्षेपेक्षा वाढले आणि वर्षभरात तुटीच्या जागी ७५ अब्ज डॉलरहून मोठी शिल्लक जाहीर झाली; २०२१ च्या जुलैत कपात थांबवावी लागली. मार्च २०२० चा पगार महाराष्ट्र सरकारनेही पूर्ण दिला नव्हता, पण उरलेला भाग दुसऱ्या टप्प्यात देऊ, हे स्पष्ट केले होते. कॅलिफोर्नियात २०२५ मध्ये पुन्हा सुमारे १२ अब्ज डॉलरची तूट आली, आणि अनेक संघटनांनी ३ टक्के पगाराच्या बदल्यात महिन्याला पाच तासांची रजा स्वीकारली. हे तासही आता कर्मचाऱ्यांच्या रजाखात्यावर चढत आहेत.